विचित्र स्वप्न : घटकद्रव्ये आणि कृती

विचित्र स्वप्न हे विचित्र मालापासून बनत नाही. त्यात कुकर असतो, सोसायटीचे सेक्रेटरी असतात, बँकेचा ओटीपी असतो आणि गिरणीत न्यायचे राहिलेले दळण असते. यातले काहीही दिवसा समोर आले तर कोणी दचकत नाही. रात्री मात्र ही मंडळी एकमेकांच्या जागा घेतात. सेक्रेटरी परीक्षा घेतात, ओटीपी पेपरात विचारला जातो, आणि माणूस घामाघूम होऊन उठतो. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हण इथवर खरी आहे. पण मनी नेमके काय वसते याबद्दल तिने लोकांचा जरा जास्तच चांगला समज करून दिला आहे. आपल्या मनात विठ्ठल वसतो, निदान मुलांचे शिक्षण आणि गृहकर्ज तरी वसते, असे ज्याला वाटते त्याच्याही स्वप्नात येते ती पार्किंगची नोटीस.

या मालाची एक जुनी आणि नीटनेटकी वर्गवारी चरकसंहितेत सापडते. इंद्रियस्थानाच्या पाचव्या अध्यायात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत : दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. म्हणजे पाहिलेले, ऐकलेले, भोगलेले, हवेहवेसे वाटलेले, मनाने रचलेले, पुढचे सुचवणारे आणि वात-पित्त-कफ बिघडल्यामुळे पडलेले. यातले पहिले पाच प्रकार निष्फळ. दिवसा पडलेले, फार आखूड किंवा फार लांबलेले स्वप्नही निष्फळच. इंद्रियस्थान हा रोग्याची मरणलक्षणे ओळखण्याचा विभाग आहे, हे ध्यानात घेतले की या निकालातला दिलासा कळतो. कालचा दिवस पुन्हा दिसला म्हणून कोणी मरत नाही, असे वैद्यकशास्त्राने लेखी देऊन ठेवले आहे. मराठी घरांत मात्र सातांपैकी दोनच प्रकार वापरात उरले. स्वप्न पहाटेचे असेल तर भाविक आणि रात्री वांग्याचे भरीत खाल्ले असेल तर दोषज. पहाटही असेल आणि भरीतही असेल, तर घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईचा शब्द अखेरचा.

युरोपात हा विषय व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड यांनी गाजवला. त्यांचा स्वप्नमीमांसेचा ग्रंथ नोव्हेंबर १८९९ मध्ये बाहेर पडला. प्रकाशकाने त्यावर साल मात्र १९०० छापले. प्रत्येक स्वप्नात आदल्या दिवसाचा काही ना काही उरलासुरला ऐवज असतोच, असे फ्रॉइड यांचे म्हणणे होते. उदाहरण त्यांनी घरचेच दिले. स्वप्नात त्यांना आपण एका वनस्पतीवर लिहिलेला ग्रंथ समोर उघडा पडलेला दिसला. माग काढल्यावर आठवले, की आदल्या दिवशी सकाळी एका पुस्तकाच्या दुकानात काचेआड सायक्लामेन या फुलझाडावरचे नवे पुस्तक दिसले होते. सायक्लामेन हे बायकोचे आवडते फूल, आणि तिच्यासाठी फुले न्यायचे आपल्या क्वचितच लक्षात राहते, ही मनाला टोचणी. विसाव्या शतकावर छाप पाडणाऱ्या सिद्धान्तात बायकोचे काम विसरणारा नवरा असा पहिल्यापासून हजर आहे. स्वप्न दिवसातली मोठी घटना सोडून किरकोळ गोष्टीच उचलते, हेही फ्रॉइड यांनी नोंदवले.

हे सारे एका नमुन्यावर तपासता येते. नमुना डोंबिवलीतल्या एका मध्यमवयीन, विवाहित, मुंबईच्या कचेरीत नोकरीला असलेल्या गृहस्थाच्या स्वप्नाचा आहे. रेल्वेचा पास बदलला की हाच गृहस्थ विरारला सापडतो, आणि पास काढून दुचाकी दिली की पिंपरीला. स्वप्न शनिवारी पहाटेचे.

गृहस्थ फलाटावर उभा आहे. वर इस्त्रीचा शर्ट, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. काखेत दळणाचा डबा. जलद लोकल येते. दारात लोंबकळणारे सगळेच नात्यातले आहेत आणि सगळ्यांनी फेटे बांधले आहेत. रेटारेटी करून आत शिरल्यावर कळते, की ही दहावीच्या परीक्षेची खोली आहे. बाकावर चौथी सीट मिळते. पर्यवेक्षक म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी फिरत आहेत. त्यांचा चेहरा दातांच्या डॉक्टरीणबाईंचा आहे, पण ते कोणालाच खटकत नाही. पेपर भूमितीचा. पहिला प्रश्न : 'मोबाइलवर आलेला सहा अंकी ओटीपी सिद्ध करा.' गृहस्थ अंक वाचायला जातो तर ते बदलतात. तो पुरवणी मागतो. सेक्रेटरी म्हणतात, "आधी मेंटेनन्स भरा." गृहस्थ पळू लागतो, पाय उचलत नाहीत. डबा जड होत जातो. गार्ड शिट्टी वाजवतो. एक, दोन, तीन. फेटा सावरत मावशी ओरडते, "अरे, गॅस बंद कर!" गृहस्थ जागा होतो, तेव्हा स्वयंपाकघरात कुकरने तिसरी शिट्टी दिलेली असते आणि गॅस बंद करण्याचा हुकूम न्हाणीघरातून दुसऱ्यांदा सुटलेला असतो.

आता एकेक घटक. पोशाखाचे मूळ शोधायला फार खोल जावे लागत नाही. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम करणाऱ्यांचा तो गणवेशच होता : कॅमेऱ्यात येतो तेवढा भाग कचेरीचा, उरलेला घरचा. शुक्रवारी रात्री कचेरीची एक तातडीची मीटिंग लॅपटॉपवर झाली, तेव्हा गृहस्थाने जुना गणवेश पुन्हा चढवला आणि मीटिंगभर एकच काळजी वाहिली, की कोणी उठून फाइल आणायला सांगू नये. कोणी सांगितले नाही. स्वप्नाने ती राहिलेली फजिती पुरी करून घेतली.

फेटेवाले नातेवाईक मागच्या रविवारच्या लग्नातून आले. लग्न भाच्याचे होते आणि फेटे बांधणाऱ्याने दारातच प्रत्येक पुरुषाचे डोके ताब्यात घेतले होते. रविवारचे लग्न शनिवारी का उगवले, यालाही उत्तर आहे. फ्रान्समधील लिऑनचे झोपेचे संशोधक मिशेल जुव्हे यांनी स्वतःची स्वप्ने वर्षानुवर्षे लिहून ठेवली होती. त्यांच्या आणि पुढच्या संशोधकांच्या नोंदींतून असे दिसले, की एखादा अनुभव पहिल्या एक-दोन रात्री स्वप्नात येतो, मग बुडी मारतो आणि साधारण पाच ते सात दिवसांनी पुन्हा वर येतो. लग्नघरी आहेराची पाकिटे मोजून वाद मिटायलाही तेवढाच वेळ लागतो.

सेक्रेटरींच्या धडावर डॉक्टरीणबाईंचा चेहरा बसला, यात स्वप्नाची सर्वांत आवडती युक्ती दिसते : दोन माणसे एकात बसवणे. फ्रॉइड यांनी याची तुलना फ्रान्सिस गॉल्टन यांच्या छायाचित्रांशी केली. गॉल्टन एकाच काचेवर अनेक चेहरे एकावर एक उतरवीत, म्हणजे सारखे ते ठळक होई आणि वेगळे ते पुसट. शुक्रवारी दुपारी अर्धी रजा टाकून गृहस्थाने रूट कॅनाल करून घेतले आणि संध्याकाळी जिन्याखालच्या फळ्यावर मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी वाचली. यादीत त्याचे नाव होते, आणि तेही आडनावाच्या चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासह. या दोन प्रसंगांत सारखे काय होते ते ठळक झाले. एकीकडे तोंड उघडून बसावे लागते आणि दुसरीकडे मिटून. बोलता दोन्हीकडे येत नाही आणि पैसे दोन्हीकडे भरावे लागतात.

परीक्षेचे स्वप्न हा जगभर आढळणारा प्रकार आहे आणि त्याची गंमत अशी, की नापासाची भीती दिसते ती बहुधा पास झालेल्या विषयाची. फ्रॉइड न्यायवैद्यकात नापास झाले होते. त्या विषयाने त्यांना स्वप्नात कधी छळले नाही. छळले ते वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्राने, आणि त्या परीक्षांतून ते पार पडले होते. त्यांच्या मते स्वप्न यातून धीर देते : तेव्हाही घाबरला होतास आणि तेव्हाही निभावले, मग उद्याचेही निभावेल. डोंबिवलीच्या गृहस्थाला भूमितीत बऱ्यापैकी गुण होते. तरी वयाच्या पन्नाशीला तो प्रवेशपत्र घरी विसरतो, चुकीच्या केंद्रावर जातो, किंवा ऐन वेळी त्याला समजते की वर्षभर आपण या विषयाच्या तासालाच बसलो नव्हतो. ज्याने खरोखरच भूमिती सोडली आणि पुढे हार्डवेअरचे दुकान टाकले, तो शांत झोपतो.

ओटीपीचा उगम शुक्रवारच्या केवायसीत आहे. आकडा येईपर्यंत मुदत संपत होती आणि मुदत संपली की आकडा येत होता. पण स्वप्नात तो वाचता का आला नाही, हा वेगळा मुद्दा आहे. अर्नेस्ट हार्टमन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी २००० साली दाखवून दिले, की वाचन, लेखन आणि आकडेमोड या गोष्टी माणसे दिवसभर करत असली तरी स्वप्नात त्या फारच क्वचित येतात. सबंध दिवस फायली वाचणारा, शेरे मारणारा आणि बेरजा तपासणारा नोकरदार रात्री यातले काहीच करत नाही. काही कचेऱ्यांत तो दिवसाही करत नाही, पण तो प्रशासनशास्त्राचा विषय आहे.

न उचलणाऱ्या पायांचे कारण शरीरात आहे. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतली एक वेगळी अवस्था जगापुढे मांडली. तिच्यात मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात आणि तेव्हा उठवले तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. ॲसेरिन्स्कींनी सुरुवातीच्या प्रयोगांत आपल्याच लहान मुलाच्या डोक्याला तारा लावल्या होत्या. मुलाचा अभ्यास घेण्याऐवजी मुलाचाच अभ्यास करणारा बाप विज्ञानाच्या इतिहासात विरळा. रेम म्हणतात ती ही झोप. पुढे जुव्हे यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवले, की या अवस्थेत मेंदूच्या बुडाकडून हातापायांचे स्नायू ढिले पाडले जातात. पळण्याचा हुकूम सुटतो, पण तो पायांपर्यंत पोचू दिला जात नाही. ही सोय नसती तर रोज पहाटे डोंबिवलीचे अर्धे रस्ते पायजम्यातल्या धावत्या गृहस्थांनी भरले असते. आता ते दोन तासांनी आणि पँटमध्ये भरतात.

रेम झोप साधारण दर दीड तासाने येते आणि रात्र सरेल तशी लांबत जाते. सर्वांत लांब पाळी पहाटेची. माणूस उठतो तो बहुतेकदा तिच्यातूनच, म्हणून पहाटेचे स्वप्न लक्षात राहते. मध्यरात्रीची स्वप्ने कोणाच्या ध्यानातच नसतात, त्यामुळे ती खरी झाली की खोटी याचा हिशेब निघत नाही. पहाटेच्या स्वप्नाला जी पत मिळाली आहे, ती अशी प्रतिस्पर्ध्यांच्या गैरहजेरीत मिळाली आहे.

शिट्टीचा घटक बाहेरून आला. या प्रकाराचे नामांकित उदाहरण फ्रान्सच्या आल्फ्रेड मोरी यांनी १८६१ च्या आपल्या पुस्तकात दिले आहे. त्यांना राज्यक्रांतीच्या दहशतीच्या काळात आपल्यावर खटला चाललेला दिसला. रोबेस्पिएर समोर होता, शिक्षा झाली, गाडीतून वधस्थळी नेले, गिलोटिनचे पाते मानेवर पडले आणि जाग आली. पाहतात तर पलंगाची दांडी निसटून मानेवर पडली होती. बाहेरची किरकोळ गोष्ट आत जाताना स्वप्नाच्या चालू कथेत बसेल असे रूप घेते. फ्रेंच पलंगाला राज्यक्रांती मिळाली, मराठी कुकरला लोकल. खरे तर मुंबईच्या लोकलचा गार्ड मोटरमनला निघण्याचा इशारा घंटीने देतो, शिट्टीने नाही. पंचवीस वर्षे त्या मार्गावर पास काढणाऱ्या माणसालाही झोपेत ही चूक उमगली नाही.

ती न उमगण्याचेही कारण सांगता येते. रेम झोपेत भावनांशी, विशेषतः भीतीशी, निगडित असलेले मेंदूचे भाग जोरात चाललेले असतात. कपाळामागचा, तर्क आणि तारतम्य सांभाळणारा काही भाग मंदावलेला असतो. "असं कसं होईल?" हा प्रश्न विचारणारेच कोणी नसते. म्हणून मावशीने फेटा बांधला तरी चालते. जाग आल्यावर तो भाग पुन्हा कामाला लागतो आणि आधी मावशीबद्दल आश्चर्य करतो, मग घड्याळाबद्दल.

एकच काम दिवसभर केले तर ते कथेची वाटही पाहत नाही. डोळे मिटताच हजर होते. रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि सहकाऱ्यांनी २००० साली लोकांना टेट्रिस हा खेळ दिवसांमागून दिवस खेळायला लावला. झोप लागता लागता अनेकांना वरून पडणारे ठोकळे दिसू लागले. त्यांत स्मृती गेलेले काही रुग्णही होते. आपण हा खेळ खेळलो हेच त्यांना आठवत नव्हते, तरी ठोकळे पडत होते. दिवाळीच्या आधी हा प्रयोग महाराष्ट्रात घरोघरी होतो. सकाळपासून करंज्या भरणाऱ्या बाईला उशीला डोके टेकताच करंज्या दिसतात. पारी लाटायची, सारण भरायचे, कडा दाबायच्या, कातण्याने कापायचे, ओल्या फडक्याखाली ठेवायचे, आणि तेवढ्यात फडके उचलावे तर खाली पुन्हा नुसत्या पाऱ्या. दिवाळीच्या फराळाचे कौतुक करणाऱ्यांनी एवढी एक पाळी हिशेबात धरायला हरकत नाही.

घटक संपले, आता जे स्वप्नात नव्हते त्याचा विचार. त्याच शुक्रवारी सकाळी गृहस्थाला बढतीचे पत्र मिळाले होते. आठ वर्षे वाट पाहिलेले पत्र, आणि रात्री त्याचा मागमूस नाही. यात नवल नाही. कॅल्व्हिन हॉल आणि रॉबर्ट व्हॅन डी कॅसल यांनी १९६६ साली स्वप्नांतल्या प्रसंगांची रीतसर मोजदाद छापली, तीत दैवाने दिलेल्या लाभांपेक्षा ओढवलेल्या आपत्ती कितीतरी जास्त भरल्या. बढती मिळाली, पेढे वाटले, विषय मिटला. मिटलेल्या विषयाशी स्वप्नाला कर्तव्य नसते. शिळ्या पोळ्या कुस्करून, फोडणी देऊन सकाळी बशीत येतात, तसे दिवसात उरलेलेच रात्री पुढे येते, आणि ताजे त्याच दिवशी संपलेले असते. उरते ते न केलेले काम, न दिलेले उत्तर आणि न भरलेला मेंटेनन्स.

दळणाचा डबा म्हणूनच जड होत होता. गहू बुधवारपासून दारामागे होते. "येताना नेतो," "उद्या नेतो," "गिरणी बंद होती" ही तिन्ही उत्तरे देऊन झाली होती, आणि तिसरे खोटे होते.

राहून गेलेल्या वस्तूची ही टोचणी केवळ संसारात बुडालेल्यांनाच लागते असे नाही. तुकोबांना बाबाजींनी गुरुमंत्र दिला तो स्वप्नात. ही हकीकत स्वतः तुकोबांनीच अभंगात सांगितली आहे. गुरूंनी मस्तकी हात ठेवला, परंपरा सांगितली, मंत्र दिला. आणि भोजनाला पावशेर तूप मागितले, ते द्यायचा विसर पडला. मराठी आध्यात्मिक इतिहासातल्या एवढ्या थोर स्वप्नातही तूप द्यायचे राहिल्याची नोंद आहे, आणि ती प्रामाणिकपणे ठेवली गेली आहे. देहूत तूप, व्हिएन्नात फुले, डोंबिवलीत दळण. माणसांची उंची वेगवेगळी असली तरी राहून गेलेल्या कामांची यादी त्यांना एका रांगेत बसवते.

जाग आल्यावर स्वप्न टिकत नाही. रेम झोपेत मेंदूतल्या नॉरॲड्रेनलिनची पातळी फार खाली गेलेली असते आणि आठवण पक्की व्हायला त्याची मदत लागते. त्यामुळे दात घासेपर्यंत निम्मे जाते. उरलेले तीनदा सांगितले जाते : चहाच्या वेळी बायकोला, गाडीत ग्रुपला आणि कचेरीत शेजारच्या टेबलाला. दर खेपेला ते अधिक सुसंगत होते. पहिल्या आवृत्तीत गृहस्थ पळत होता, दुसरीत त्याने सेक्रेटरींना सुनावले, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत पेपरही सोडवून झालेला होता. ही रंगसफेदी स्वप्न पडत असतानाच सुरू होते, असे फ्रॉइड यांचे मत होते. गाडीतल्या ग्रुपपुढे ती फक्त पुरी होते.

ऐकणाऱ्याला दुसऱ्याच्या स्वप्नात रस नसतो. त्याला फळ सांगण्यात रस असतो. दात पडले तर वाईट, साप दिसला तर धन, मेलेले पाहिले तर त्या माणसाचे आयुष्य वाढले, एवढा साठा प्रत्येकाकडे तयार असतो. दाताच्या डॉक्टरीणबाई सेक्रेटरी झाल्या तर काय, हे कुठल्याच पुस्तकात नाही. त्यामुळे नमुन्याच्या स्वप्नाला ग्रुपमध्ये दोषज ठरवण्यात आले आणि रात्री काय खाल्ले याची चौकशी झाली. रूट कॅनालमुळे गृहस्थाने फक्त मऊ भात खाल्ला होता. मग भाताला दोष देण्यात आला.

अशा स्वप्नावर इलाज सांगायचा तर चरकांच्या हिशेबाने गरजच नाही, कारण ते निष्फळ. मात्र तेच ते पुन्हा पडत असेल, तर त्यातली सर्वांत साधी वस्तू शोधून तेवढे काम उरकावे. गृहस्थाने शनिवारी संध्याकाळी दळण आणले. डबा त्या रात्रीपासून स्वप्नात आला नाही. मेंटेनन्स अजून भरायचा आहे, त्यामुळे सेक्रेटरी येतात. चेहरा आता त्यांचा स्वतःचा असतो.